येताना पालक आणणे

१२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र येऊन पडलंय आणि मी रोज म्हणते, आज लिहीन. खुर्चीत टेकले की डोळे मिटतात. आज चहा उभ्यानेच प्यायले, म्हटलं बसायचंच नाही, आधी पत्र.

शाळेत सगळं नेहमीसारखंच, म्हणजे बोंबलत. वसंत आलाय असं लोक म्हणतात. कुंपणाजवळच्या झाडाला पालवी फुटलीय हे मला एका पोराने सांगितलं, मी रोज त्याच्याच खालून जाते. दुसरीत कांजिण्यांची साथ आहे. दुसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून दुसरी आणि तिसरी एकत्र माझ्या गळ्यात. एकीकडे पाढे, दुसरीकडे खाजवू नका, खाजवू नका. अंगणातला नळ पुन्हा गळतोय. शाळेचे मामा त्याला रोज एक चिंधी बांधतात. तो नळ आता जखमी शिपायासारखा दिसतो.

पहिलीला नव्या बाई आल्यात. वय इतकं कमी की परवा एका आजोबांनी त्यांनाच विचारलं, "बाळ, तुझ्या बाई कुठे आहेत?" पण उत्साह बघ! सारखं काहीतरी नवीन. "मोठ्या बाई, आपण भाज्यांचा आठवडा करू या का?" मी म्हटलं, करा बाई, काय करायचं ते करा, फक्त मला उठायला लावू नका.

तुझी मुंगी बरी आहे. नावाप्रमाणे स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत असते. काल रस्त्यावरून पुठ्ठ्याचं भलंमोठं खोकं घरी आणलं, उपयोगी पडेल म्हणे. सकाळी तिची वेणी घालायची म्हणजे कुस्ती. घरी आले की तिचं गणित, मग जेवण, मग उद्याचा डबा, मग एक मोजा सापडत नाही. माझी शाळा सुटतच नाही बघ. जीव अगदी मेटाकुटीला येतो.

एक मात्र आहे, शाळेत नियम पाळते. फाटकातून आत शिरली की मी मावशी नाही, मोठ्या बाई. मीच सांगितलं होतं पहिल्या दिवशी, नाहीतर बाकीची पोरं म्हणणार, हिचं काय, ही तर घरची. एकदाही चुकत नाही. शहाणी आहे.

तू जेवतेस ना नीट?

तुझी,
ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

हा कागद ओलसर लागला तर रडले वगैरे समजू नकोस. लाँड्रीत बसून लिहितेय. हॉस्पिटलच्या चादरी उकळतात तिथे कागदच काय, माणूससुद्धा मऊ पडतो.

तुझं पत्र वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. मुंगीचे बाबा गेले तेव्हा मी ही नोकरी धरली, इथे सहाजणींत एक खोली, पोर ठेवायची परवानगी नाही. तुला म्हटलं होतं, चार-सहा महिने सांभाळ. बघता बघता दुसरं वर्ष सरत आलं. तू शंभर पोरं सांभाळून घरी येतेस आणि दारात एकशे एकावी उभी. तू कधी बोलत नाहीस, यावेळी बोललीस, म्हणजे किती झालं असेल ते मला कळतं गं. इतकी मी ठोंबी नाही.

तर ऐक. मला खोली मिळतेय. स्वतंत्र! लहान आहे, स्टोव्ह पेटवला तर पलंगावरून भाजी हलवता येईल, पण खिडकी आहे आणि मुलं ठेवायला चालतात. इथून दोन गल्ल्यांवर शाळा आहे, विचारून आले. एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपली की येते आणि मुंगीला घेऊन जाते.

मग तू जरा पाय लांब करून बस. वेण्या नाहीत, मोजे नाहीत. मला इतकं हायसं वाटतंय ताई, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी पण. मी रोज दुसऱ्यांच्या पोरांची झबली धुते आणि माझ्या पोरीच्या फ्रॉकचं माप मला माहीत नाही. कळव गं, माप कळव. पडदा शिवेन म्हणते आणि उरलेल्या कापडात तिला काहीतरी.

तुझी,
धाकटी


१८ मार्च

धाकटे,

फ्रॉकचं माप मागे लिहिलंय. खांद्यात जरा सैल ठेव, वाढतेय.

खोलीचं वाचून बरं वाटलं. घेऊन जा. आईपाशी असावं हेच योग्य. मलाही जरा सुटल्यासारखं होईल. तिला सांगितलंय. "बरं," म्हणाली आणि शेंगदाणे सोलत बसली.

उत्तराला उशीर झाला कारण परवाचा मेळावा. आपला दरवर्षीचाच, वसंताचा. पालक येतात, पोरं कविता म्हणतात, विसरतात, रडतात, आम्ही टाळ्या वाजवतो. यंदा जे झालं ते ऐक म्हणजे तुझा थकवा जाईल. माझा गेला नाही, पण मी तिथे होते.

नव्या बाईंचा तो भाज्यांचा आठवडा त्याच आठवड्यात आला. भाज्या कापून रंगात बुडवून ठसे काढायचे. त्या रोज फळ्यावर लिहायच्या, "बुधवारी येताना बटाटा आणणे." "गुरुवारी येताना भेंडी आणणे." "शुक्रवारी येताना गाजर आणणे." शुक्रवारी दुपारी मी आपली डोकं धरून, हातात खडू, फाटकाजवळच्या त्याच फळ्यावर, त्याच्याच खाली लिहिलं, "शनिवारी येताना पालक आणणे. विसरू नये." आणि त्याखाली "मेळावा सकाळी नऊला." झालं! पहिलीतली पोरं वाचायला शिकलीत याचा मला अभिमान वाटायला हवा.

शनिवारी पाचजण हातात पालकाची जुडी घेऊन हजर. एकाची जुडी त्याच्या छातीपर्यंत. त्यांच्या घरी कोणाला मेळाव्याचा पत्ता नाही. एकीची आई डबा विसरला म्हणून धावत आली, घरच्या चपला, केस पिंजारलेले, आणि बघते तर सगळे नटूनथटून खुर्च्यांवर. तिला आम्ही पकडून बसवलं. मामांनी सगळ्या जुड्या बादलीत उभ्या केल्या आणि ती बादली टेबलावर ठेवली, पाहुण्यांना वाटलं सजावट आहे. एक गृहस्थ मला म्हणाले, "यंदा फुलं नाहीत वाटतं?" मी म्हटलं, महाग झालीत. नव्या बाई हसता हसता कोपऱ्यात जाऊन बसल्या. संध्याकाळी मामांनी त्याचं सूप केलं. मीठ विसरले.

बाकी दुसरीतल्या कांजिण्या ओसरल्या, आता पहिलीत आल्यात. नळ तसाच.

तू एप्रिलच्या कोणत्या तारखेला येतेस ते कळव, म्हणजे तिचे कपडे धुऊन ठेवता येतील.

तुझी,
ताई


१९ मार्च

आई,

मी हे पत्र वेगळं पाठवते आहे. तिकीट मामांनी लावलं. मावशीला माहीत नाही.

मावशी पत्र लिहिताना पुटपुटते, म्हणून मला ऐकू येतं. तिने तुला लिहिलं की पाचजणांनी भाजी आणली. पाच नाही, सहा. सहावी मी.

मी तिसरीत आहे. मला माहीत होतं की भाजी आणायची नाही. खाली मेळावा लिहिलं होतं. आणि पालक म्हणजे आईबाबा हे मला पहिलीपासून माहीत आहे. पण सगळे आपापले आणणार होते. तू लांब आहेस. मावशी आधीच शाळेत असते. जी आधीच शाळेत असते तिला येताना कसं आणणार? आणि शाळेत ती मावशी नसते, मोठ्या बाई असते. हातात काहीच नाही असं जायला मला कसंतरी वाटलं. म्हणून मी पण जुडी नेली.

मोठ्या बाई म्हणाल्या, "काय गं, तूसुद्धा?" सगळे हसले. मी पण हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

तुझ्या खोलीला खिडकी आहे ते मला आवडलं. पण आमच्या इथे फडताळाच्या सगळ्यात वर एक डबा आहे, तो मावशीला निघत नाही, तिचा खांदा दुखतो. मी स्टुलावर चढून काढते. मी तिकडे आले तर तो कोण काढेल ते तुम्ही दोघींनी ठरवलं आहे का?

मी रडत नाहीये. मला तू पण पाहिजेस.

तुझी
मुंगी


२९ मार्च

ताई,

दोन पत्रं आली. एक तुझं, एक मुंगीचं. मुंगीने तुला न सांगता लिहिलंय, तिला रागावू नकोस, मामांना तर अजिबात नको. तिचं पत्र सोबत ठेवलंय. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस?

मी ते लाँड्रीतच वाचलं. शेजारची म्हणाली, वाफेने डोळे आलेत का गं तुझे? मी म्हटलं, हो.

मला तुझ्यावर राग काढायचा होता. कसला तो नियम, शाळेत मावशी म्हणायचं नाही! लेकराने ते इतकं मनावर घेतलं की भाजी घेऊन उभी राहिली. असं बरंच लिहिलं होतं, मग फाडलं. राग काढायला तोंड कुठलं? येताना सोबत आणता येईल अशी आई मी तरी कुठे होते? तू निदान त्या शाळेत होतीस.

तू सहावी का लपवलीस, ते मला कळतं. मला वाईट वाटेल म्हणून. तू लहानपणापासून हेच करतेस. माझी बाहुली फुटली तेव्हा म्हणालीस, ती फिरायला गेलीय. मी दोन दिवस तिची वाट बघत बसले होते.

आणि दुसरं. "मलाही जरा सुटल्यासारखं होईल," हे वाक्य तू आधी लिहून खोडलंयस आणि वर पुन्हा लिहिलंयस. कागद फाटलाय तिथे. तू शुद्धलेखनाची बाई, तुझ्या पत्रात कधी खाडाखोड नसते. मी तुझं आधीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. तू दमलीयस असं लिहिलं होतंस, मी वाचलं की मुंगीला दमलीयस. हे दोन वेगळे आहेत का गं? मला खरं सांग. तू म्हणालीस तर मी खोली सोडते. मुंगीला तिथेच राहू दे, मी अशीच येत-जात राहीन. तिचं काय भलं आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

लवकर लिही. खोलीचं मला दहा तारखेपर्यंत सांगायचंय.

धाकटी


५ एप्रिल

धाकटे,

मला असलं विचारू नकोस.

विचारलंस तर मी म्हणेन, राहू दे. मला ती जायला नको आहे. झालं, लिहिलं एकदाचं, आता खोडत नाही. मी शाळेने दमते, नळाने दमते, वरच्या साहेबांच्या कागदांनी दमते. मुंगीने दमत नाही. दमून घरी येते आणि ती असते. वेण्यांची कटकट मी तुला का लिहिली माहीत आहे का? दुसरं काही चांगलं घडतच नव्हतं सांगायला. तू त्याचं असं काही करशील हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आणि म्हणूनच सांगते, मला विचारून काही ठरवू नकोस. ने तिला. खोली पक्की कर, आजच कर. ती लिहिते, मला तू पण पाहिजेस. त्यातला "पण" माझ्या वाट्याचा आहे, तो मला पुरतो. बाकीचं वाक्य तुझं आहे. आणखी एक वर्ष गेलं तर ती तुझ्याकडे पाहुणीसारखी येईल, बूट दाराशी नीट लावून ठेवेल, "काही नको" म्हणेल. मी अशी पोरं बघितलीत वर्गात. मुंगी तशी व्हायला नको.

ती जुडी घेऊन उभी राहिली तेव्हा मला कळलं होतं. तिच्याकडे बघूनच कळलं. बाकीची पाच गोंधळलेली होती, ही नव्हती. आणि मी काय केलं, तर सहाव्या जुडीसाठी बादलीत जागा केली आणि पुढची कविता पुकारली. दुसरं काही सुचलं नाही. त्या दिवशी सूप माझ्या घशाखाली उतरलं नाही, मीठ नव्हतं म्हणून नाही.

तिचं पत्र वाचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या रांगेत मी सगळ्यांसमोर सांगितलं, "ही माझी भाची आहे. मला मावशी म्हणाली तरी चालेल." मला वाटलं, काय होईल कोण जाणे. काही झालं नाही. पोरांना आधीपासूनच माहीत होतं. एकाने फक्त विचारलं, "मग तुम्ही तिला घरी पण शुद्धलेखन घालता का?" मी हो म्हटल्यावर सगळी शाळा तिच्याकडे दयेने बघायला लागली. मधल्या सुट्टीत ती माझ्या खुर्चीजवळ आली, "मावशी" म्हणाली आणि पळून गेली. काम काही नव्हतं.

परीक्षा अठ्ठावीसला संपते. तू त्या दिवशी ये. सामान फारसं नाही. ते पुठ्ठ्याचं खोकं आठवतं? तिने आधीच काढून ठेवलंय. म्हणाली होती ना, उपयोगी पडेल.

डब्याचं तिला सांग, मी बघेन.

ताई


२ मार्च, पुढच्या वर्षी

ताई,

तू हल्ली नीट लिहीत नाहीस. "सर्व ठीक, कामात आहे" याला पत्र म्हणत नाहीत, तार म्हणतात. मुंगी म्हणते, मावशी दमली की छोटं लिहिते. मग फारच दमली असशील. दिवाणावर पाय लांब करून बसशील असं मी म्हणत होते, तर तू तिसरीसकट चौथीपण अंगावर घेतलीस असं मामांच्या चिठ्ठीतून कळलं. हो, मामा आणि मुंगी यांचा पत्रव्यवहार चालू आहे. नळ बदलला तेही आम्हाला माहीत आहे.

आमचं बरं चाललंय. सुरुवातीचे महिने कसे होते ते तुला ठाऊक आहे. बूट ती दाराशी नीट लावायची, तू म्हणाली होतीस तसेच. "काही नको" पण झालं. आता बूट पलंगाखाली एक आणि खिडकीत एक असतो आणि मी ओरडते. ओरडताना मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू!

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तिच्या शाळेतही वसंताचा मेळावा आहे, एकवीसला, शनिवारी. छापील चिठ्ठी आली: "पालकांनी उपस्थित राहावे." मुंगी ती घेऊन किती तरी वेळ बसली होती. मग विचारते, "आई, पालकांनी म्हणजे एकापेक्षा जास्त ना?" मी म्हटलं, आदराने लिहितात गं तसं, एकाला पण. तर म्हणाली, "नाही. एक असता तर 'पालकाने' असं लिहिलं असतं. मावशीने असंच शिकवलंय."

आता तूच शिकवलंयस, तूच निस्तर.

तू वसंतात रजा घेत नाहीस, मला माहीत आहे. तुझी शाळा, तुझ्या कांजिण्या, तुझे साहेब. मी तिला सांगून ठेवलंय की मावशीला जमणार नाही, आशा लावून बसू नकोस. पण तिने बाईंना दोन खुर्च्या सांगून ठेवल्यात.

धाकटी


९ मार्च

धाकटे,

रजेचा अर्ज टाकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, त्यामुळे कागद कुठल्या रंगाचा असतो तेही मामांना विचारावं लागलं. एकवीसलाच वरचे साहेब तपासणीला येणार आहेत. येऊ देत. नव्या बाई बघतील, आता त्या काही तितक्या नव्या राहिल्या नाहीत. कालच त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागली होती. मी अंगावर शाल टाकली.

तुला छोटी पत्रं लिहिली कारण मोठं लिहायला बसले की काय लिहिलं जाईल याची भीती वाटायची. घर फार नीटनेटकं झालंय. मोजे सगळे जोडीने सापडतात. मला नाही आवडत. डबा अजून वरच आहे. स्टूल आहे, खांदाही आता तितका दुखत नाही, पण काढला नाही. त्यात काय आहे तेही आठवत नाही. मुंगी सुट्टीत येईल तेव्हा काढेल.

वेणी हल्ली कोण घालतं? घट्ट घाल, तिचे केस निसटतात.

शुक्रवारी शाळा सुटली की तशीच निघते, संध्याकाळच्या गाडीने. मुंगीला सांग, यावेळी मी आधीच शाळेत नाहीये. मला आणावं लागेल. स्टेशनवर ये म्हणावं, पालक आणायला. विसरू नये.

ताई